एक छेद, अनेक कारणे : सुंतेचा इतिहास आणि पुण्यातील एक निरीक्षण

मार्च 2004 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्यातील एका संशोधनाचा छोटासा अहवाल प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 1993 ते 2000 या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, पण एचआयव्हीची लागण न झालेल्या 2298 पुरुषांचा पाठपुरावा केला होता. सुंता झालेल्या पुरुषांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे 85 टक्क्यांनी कमी आढळला. मात्र उपदंश, परमा आणि जननेंद्रियांवरील नागीण या रोगांच्या बाबतीत दोन्ही गटांत असा फरक दिसला नाही. अहवालाचे खरे मोल या दुसऱ्या वाक्यात आहे. ते का, हे समजण्यासाठी एका अतिप्राचीन शस्त्रक्रियेचा आणि तिच्यासाठी वेळोवेळी दिल्या गेलेल्या कारणांचा इतिहास पाहावा लागतो.

शिश्नाच्या टोकावरील अग्रत्वचा कापून काढणे म्हणजे सुंता. हिचे सर्वांत परिचित प्राचीन चित्र इजिप्तमधील सक्कारा येथे, अंखमाहोर या अधिकाऱ्याच्या थडग्यातील भिंतीवर कोरलेले आहे. त्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे 2300 वर्षे. त्यात तान्ही बालके नाहीत; उभे असलेले तरुण आहेत. एकाचे हात मागून दुसऱ्याने घट्ट धरले आहेत आणि समोर बसलेला मनुष्य हत्यार चालवत आहे. शेजारच्या मजकुरात त्याला नीट धरून ठेवण्याची सूचना आहे. वेदनाशमनाचा प्रश्न या शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे, हे या चित्रावरून कळते. पुढे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इजिप्शियन लोक स्वच्छतेसाठी सुंता करतात असे नोंदवले. धर्माबाहेरचे कारण सांगणारी ही फार जुनी नोंद होय.

यहुदी परंपरेत सुंता हा अब्राहामाने देवाशी केलेल्या कराराचा देहावरील ठसा आहे आणि ती मुलाच्या जन्मानंतर आठव्या दिवशी होते. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाचा इतिहास येथे आठवतो. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. इतर यहुदी समाजांपासून शतकानुशतके तुटूनही त्यांनी ज्या मोजक्या गोष्टी टिकवल्या, त्यांत शनिवारची विश्रांती, काही आहारनियम आणि आठव्या दिवसाची सुंता या होत्या. ग्रंथ हरवले, भाषा बदलली, तरी देहावरील खूण राहिली.

इस्लाममध्ये सुंतेचा आधार कुराणात नसून हदीसपरंपरेत आहे. हनफी पंथ तिला सुन्नत मानतो, तर कोकणी मुसलमान ज्या शाफिई पंथाचे अनुयायी आहेत तो तिला अनिवार्य मानतो. ‘सुन्नत’ याच शब्दावरून मराठीत ‘सुंता’ रूढ झाला. भारतात हे काम पिढ्यान्‌पिढ्या हजाम करीत आले. दहाव्या-अकराव्या शतकात अंदलूस येथे अल्-झहरावी या शल्यवैद्याने आपल्या ग्रंथात सुंतेची पद्धत तपशिलाने लिहिली आणि वस्तऱ्यापेक्षा कात्रीला पसंती दिली. विधी धार्मिक असला तरी तो सुरक्षित कसा करावा, हा विचार वैद्यकाचा होता आणि तो त्या काळीही चालू होता.

भारतीय वैद्यकाची वाट यापेक्षा वेगळी होती. सुश्रुतसंहितेत अग्रत्वचेच्या दोन विकारांचे स्पष्ट वर्णन येते. त्वचेचे तोंड आवळून मूत्रमार्ग अडणे म्हणजे निरुद्धप्रकश, आणि मागे सरकलेली त्वचा तेथेच अडकून सूज येणे म्हणजे परिवर्तिका. आजच्या शल्यचिकित्सकाला हे दोन्ही विकार लगेच ओळखू येतात. निरुद्धप्रकशावर सुश्रुताने सांगितलेला मुख्य उपाय असा : धातूची, लाकडाची किंवा लाखेची दोन्ही बाजूंनी उघडी नळी स्नेह लावून आत बसवावी आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी घालत मार्ग रुंद करावा. परिवर्तिकेत तूप चोळून, शेकून, त्वचा हळूहळू पूर्वस्थितीत आणावी. नाक पुन्हा जोडणाऱ्या परंपरेला त्वचा कापण्याचे भय वाटले नसावे. तरीही येथे पहिली निवड ताणण्याची आहे, छेदण्याची नाही. विशेष म्हणजे आधुनिक बालशल्यचिकित्साही शेवटी याच क्रमाकडे आली. पण मधल्या दीडशे वर्षांत तिने लांबचा वळसा घेतला.

हा वळसा एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. 1855 मध्ये लंडनमधील डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांनी आपल्या रुग्णालयातील यहुदी रुग्णांत उपदंशाचे प्रमाण इतरांपेक्षा कमी असल्याची नोंद केली आणि त्याचे श्रेय सुंतेला दिले. निरीक्षण खरे असेलही. पण दोन समाजांत राहणी, विवाहाचे वय, वस्ती, व्यसने असे शंभर फरक असताना त्यांतील एकच फरक उचलून त्याला कारण ठरवता येत नाही. पुढचे शतकभर हा एकच दोष या विषयातील जवळजवळ प्रत्येक अभ्यासाला चिकटून राहिला.

1870 मध्ये न्यूयॉर्कमधील अस्थिशल्यतज्ज्ञ लुईस सेअर यांच्यापुढे पाय सरळ न करू शकणारा पाच वर्षांचा मुलगा आला. त्याची अग्रत्वचा सुजलेली होती. सेअर यांनी सुंता केली आणि काही आठवड्यांत मुलगा चालू लागला. एका अवयवाच्या दाहामुळे दूरच्या मज्जातंतूंत बिघाड होतो, हा सिद्धांत तेव्हा प्रतिष्ठित होता. सेअर यांनी त्या एका यशावरून पक्षाघात, सांधेदुखी, अपस्मार अशा अनेक विकारांवर सुंतेचा पुरस्कार केला. ते सामान्य वैदू नव्हते. पुढे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे अध्यक्षही झाले. 1888 मध्ये जॉन हार्वे केलॉग यांनी हस्तमैथुन थांबवण्यासाठी मुलांची सुंता करावी, आणि तीही भूल न देता, कारण वेदना शिक्षेसारखी उपयोगी पडते, असे लिहिले. व्हिक्टोरियन नीतिकल्पनांना वैद्यकाचा अंगरखा चढला तो असा. अमेरिका आणि ब्रिटनमधील सुखवस्तू घरांत नवजात मुलांची सुंता हा आरोग्याचा रिवाज बनला.

मज्जातंतूंचा सिद्धांत कोसळला, पण शस्त्रक्रिया टिकली. एक कारण गेले की दुसरे त्याच्या जागी येत राहिले. विसाव्या शतकाच्या मध्यास हे कारण कर्करोगाचे होते. बालपणी सुंता झालेल्या समाजांत शिश्नाचा कर्करोग अत्यंत विरळ असतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील नोंदींतही हिंदू आणि मुसलमान रुग्णांमधील हा फरक दिसत होता. यहुदी आणि मुसलमान स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी आढळत असल्याने तेही श्रेय सुंतेला मिळू लागले. येथे मुंबईच्या पारशी समाजाने एक पेच उभा केला. पारशी पुरुषांत सुंता नसते. तरीही पारशी स्त्रियांत हा कर्करोग कमीच होता. म्हणजे केवळ सुंतेने सगळे स्पष्ट होत नव्हते. खरा कारक 1980 च्या दशकात हाती लागला. जर्मन शास्त्रज्ञ हराल्ड त्सुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणू शोधून काढला आणि त्यासाठी त्यांना 2008 चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुंतेचा परिणाम होता, पण तो या विषाणूच्या मार्गाने. 2002 मध्ये पाच देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सुंता न झालेल्या 19.6 टक्के पुरुषांत हा विषाणू सापडला. सुंता झालेल्यांत 5.5 टक्के. आज या विषाणूविरुद्ध थेट लस आहे आणि भारतीय बनावटीची लस पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आहे.

दुसऱ्या बाजूने, निरोगी अग्रत्वचेविषयी साधी माहिती गोळा करण्यासही वैद्यकाला बराच काळ लागला. 1949 मध्ये ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक लेख लिहिला. जन्मतः अग्रत्वचा आतल्या भागाला चिकटलेली असते; ती पूर्ण मागे जाणारी बालके केवळ 4 टक्के असतात. तीन वर्षांच्या वयापर्यंत बहुतेकांत ती आपोआप सुटते, असे त्यांना आढळले. म्हणजे ज्याला विकार समजून शस्त्रक्रिया केली जात होती, ती बहुधा वाढीची नैसर्गिक अवस्था होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये दरवर्षी सुमारे 16 बालके सुंतेशी निगडित कारणांनी, मुख्यतः भुलीमुळे, दगावत असल्याचेही त्यांनी दाखवले. ब्रिटनमध्ये त्यानंतर नवजातांच्या सुंतेचे प्रमाण झपाट्याने घसरले. 1968 मध्ये डेन्मार्कच्या याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांच्या तपासणीतून दाखवले की ही सुटण्याची प्रक्रिया किशोरवयापर्यंत चालू राहते आणि सतराव्या वर्षी खरा आवळ सुमारे 1 टक्का मुलांतच उरतो.

तान्ह्या बाळाला वेदना जाणवत नाहीत, हा समजही याच सुमारास तपासला जाऊ लागला. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी 1980 च्या दशकात ऑक्सफर्ड आणि बॉस्टन येथे केलेल्या संशोधनातून नवजात अर्भकाला वेदना होतात आणि तिचे शरीरावर मोजता येण्याजोगे परिणाम होतात, हे सिद्ध केले. 1997 मध्ये कॅनडातील ॲना टॅडिओ यांच्या अभ्यासात, भूल न देता सुंता झालेल्या मुलांनी काही महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा अधिक तीव्र प्रतिसाद दिला. सक्काराच्या भिंतीवर घट्ट धरलेल्या हातांना विज्ञानाने दिलेले उत्तर हे असे सुमारे चार हजार तीनशे वर्षांनी आले.

मग एचआयव्ही आला. भारतात या विषाणूचा पहिला शोध 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी लावला. त्याच दशकाच्या अखेरीस आफ्रिकेत एक विलक्षण नकाशा आकार घेत होता. ज्या प्रदेशांत सुंतेची चाल नव्हती, तेथेच एचआयव्हीचा प्रसार सर्वाधिक दिसत होता. पण हचिन्सन यांचा जुना प्रश्न येथेही उभा होता. सुंता झालेला पुरुष बहुधा वेगळ्या धर्माचा, वेगळ्या चालीरीतींचा असतो. मद्यपान, विवाह, लैंगिक वर्तन, सगळेच वेगळे. फरक त्वचेमुळे पडला की वर्तनामुळे?

पुण्याच्या निरीक्षणाचे महत्त्व येथे उलगडते. सुंता झालेल्या पुरुषांना एचआयव्हीपासून मिळणारे संरक्षण केवळ त्यांच्या संयमी वर्तनामुळे असते, तर उपदंश आणि परमा यांचे प्रमाणही त्यांच्यात कमी दिसायला हवे होते, कारण हे रोगही त्याच मार्गाने पसरतात. ते कमी नव्हते. म्हणजे दोन्ही गट धोका सारखाच पत्करत होते, आणि तरीही एक विशिष्ट विषाणू एका गटात कमी शिरत होता. कारण शरीरात आहे, असा संकेत यातून मिळाला. प्रयोगशाळेत उपकरण ठीक आहे की नाही हे पाहण्यासाठी ज्यावर परिणाम होऊ नये अशी राशीही मोजतात. येथे इतर गुप्तरोगांनी नकळत तीच भूमिका बजावली. अर्थात ही एका शहरातील, चिकित्सालयात आलेल्या पुरुषांची पाहणी होती आणि त्यांत सुंता झालेले थोडेच होते. संकेत बळकट होता. पुरावा अद्याप हवा होता.

पुराव्यासाठी एकच मार्ग उरला होता. सुंता न झालेल्या, स्वेच्छेने पुढे आलेल्या प्रौढांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करायचे. एका गटाची सुंता लगेच करायची, दुसऱ्याची अभ्यास संपल्यावर. गटवाटप यदृच्छेने झाल्यामुळे धर्म, सवयी, उत्पन्न हे सगळे फरक दोन्ही बाजूंना सारखे विखुरले जातात. असे तीन प्रयोग झाले. दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फार्म येथे 3274 पुरुषांत सुंता झालेल्या गटात 20 आणि दुसऱ्या गटात 49 जणांना लागण झाली. केनियातील किसुमू येथे 2784 पुरुषांत हे आकडे 22 आणि 47 होते, तर युगांडातील राकाई येथे 4996 पुरुषांत 22 आणि 45. तीन देश, तीन पथके आणि उत्तर एकच : धोका 50 ते 60 टक्क्यांनी कमी. फरक इतका स्पष्ट होता की तिन्ही प्रयोग मुदतीआधीच थांबवून दुसऱ्या गटालाही शस्त्रक्रिया देऊ करण्यात आली. मार्च 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीचा प्रसार जास्त असलेल्या प्रदेशांसाठी स्वेच्छेच्या सुंतेची शिफारस केली. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत 2008 ते 2019 या काळात सुमारे 2.7 कोटी पुरुषांनी ती करून घेतली.

याचे शारीरिक स्पष्टीकरणही बऱ्यापैकी जुळते. अग्रत्वचेच्या आतल्या बाजूस एचआयव्ही ज्यांना चिकटतो अशा प्रतिकारपेशी पृष्ठभागाजवळ असतात आणि तेथील दमट, कमी प्राणवायूच्या जागेत काही विशिष्ट जीवाणू वाढून दाह होतो. दाह झाला की या पेशी अधिक संख्येने तेथे जमतात. त्वचा काढली की हे सारे बदलते. पण मर्यादाही तितक्याच ठाम आहेत. हे संरक्षण अपुरे आहे. निरोधची जागा ते घेत नाही. ते स्त्रीकडून पुरुषाकडे होणाऱ्या संक्रमणापुरते सिद्ध झाले आहे. आधीच बाधित असलेल्या पुरुषांची सुंता केल्याने त्यांच्या जोडीदार स्त्रियांचे रक्षण होते का, हे राकाईतच तपासले गेले. तसे संरक्षण आढळले नाही. आफ्रिकेतील प्रयोगांत जननेंद्रियांवरील नागिणीपासून थोडे संरक्षण दिसले, जे पुण्यात दिसले नव्हते. उपदंशावर परिणाम मात्र दोन्हीकडे नव्हता.

आज ही शस्त्रक्रिया कशी होते? प्रौढांत शिश्नाच्या मुळाशी लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन केवळ तो भाग बधिर करतात. लहान मुलांत बहुधा पूर्ण भूल देतात. अग्रत्वचा मोजून कापली जाते, रक्तवाहिन्या बंद केल्या जातात आणि आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांनी कडा जोडल्या जातात. अर्ध्या-पाऊण तासाचे हे काम आहे. अर्भकांसाठी प्लास्टिकची कडी वापरतात. ती बहुधा आठवड्याभरात गळून पडते. पट्टी एक-दोन दिवसांत निघते, सूज आणि दुखणे पहिल्या आठवड्यात ओसरते, जखम तीन-चार आठवड्यांत भरते. तरी प्रौढांनी सहा आठवडे शरीरसंबंध टाळावा, असा सल्ला दिला जातो. तो न पाळल्यास ओल्या जखमेतून संसर्गाचा धोका उलट वाढतो. आफ्रिकेतील प्रयोगांत, प्रशिक्षित हातांनी आणि निर्जंतुक साधनांनी केलेल्या शस्त्रक्रियांतही मध्यम वा गंभीर गुंतागुंत सुमारे 1.5 ते 4 टक्के होती. अप्रशिक्षित हातांत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, प्रसंगी धनुर्वात आणि कायमची इजा होऊ शकते. रक्त न गोठण्याचा विकार घरात असेल तर आधी तपासणी अनिवार्य ठरते.

भारताने सार्वत्रिक सुंतेचे धोरण स्वीकारले नाही, आणि याचे पहिले कारण गणित आहे. किसुमूत दोन वर्षांत सुंता न झालेल्या शंभरांपैकी सुमारे चार पुरुषांना लागण होत होती. सुंतेने हा आकडा दोनवर आला. भारतात प्रौढांतील एचआयव्हीचे एकूण प्रमाणच सुमारे 0.2 टक्के आहे आणि नवी लागण ठरावीक गटांत एकवटलेली आहे. धोका निम्म्याने कमी होतो हे तेच विधान येथेही केले, तरी एक लागण टाळण्यासाठी कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांची संख्या आफ्रिकेतील डझनांवरून कित्येक हजारांवर जाते, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेमागील गुंतागुंतीचा धोका मात्र तेवढाच राहतो. सापेक्ष आणि निरपेक्ष धोका यांतील भेद न कळल्यास हाच आकडा दोन्ही बाजूंच्या प्रचारकांना हवा तसा वापरता येतो.

दुसरे कारण इतिहासाचे आहे. 1947 च्या फाळणीत आणि त्यानंतरच्या अनेक दंगलींत रस्त्यात अडवून, कपडे उतरवून, पुरुषाचा धर्म तपासला गेला. देहावरील ही खूण असणे एका मोहल्ल्यात आणि नसणे दुसऱ्या मोहल्ल्यात मृत्यूचे कारण ठरले. आजारपणामुळे बालपणी सुंता झालेला मुलगाही या तपासणीतून सुटत नसे. ज्या देशात एका शस्त्रक्रियेला असा अर्थ चिकटला आहे, तेथे तिच्याविषयीचे कोणतेही वैद्यकीय विधान केवळ वैद्यकीय म्हणून ऐकले जात नाही. म्हणूनच ते अधिक काटेकोर असावे लागते.

हा काटेकोरपणा इतर देशांनाही सोपा गेलेला नाही. अमेरिकन बालरोग अकादमीने 1971 मध्ये नवजातांच्या सुंतेला वैद्यकीय आधार नसल्याचे म्हटले. 2012 मध्ये लाभ धोक्यापेक्षा अधिक असल्याचे, पण सार्वत्रिक शिफारशीइतके नसल्याचे सांगितले. त्याच वर्षी जर्मनीतील कोलोन येथील न्यायालयाने संमती देऊ न शकणाऱ्या बालकाची धार्मिक सुंता ही शारीरिक इजा मानली आणि काही महिन्यांतच जर्मन संसदेने कायदा करून अटींसह तिला परवानगी दिली. धर्मस्वातंत्र्य आणि बालकाचा स्वतःच्या देहावरील हक्क यांतील हा वाद आकडेवारीने सुटणारा नाही. पण आकडेवारी चुकीची असेल तर तो आणखी गढूळ होतो.

वैद्यकीय गरजेच्या प्रश्नाला मात्र आज बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे. लहान मुलाची अग्रत्वचा मागे जात नाही एवढ्यावरून शस्त्रक्रिया करू नये आणि ती ओढूनही पाहू नये. ओढल्याने व्रण पडून खरा आवळ निर्माण होऊ शकतो. लघवीच्या वेळी त्रास, वारंवार दाह किंवा आवळ टिकून राहिल्यास प्रथम काही आठवडे स्टेरॉइड मलम लावून त्वचा हलक्या हाताने सैल करण्याचा उपचार होतो आणि बहुसंख्य मुलांत तो पुरतो. व्रणाने कडक झालेली पांढुरकी त्वचा, मलमाला दाद न देणारा आवळ किंवा मधुमेही प्रौढांत पुन्हापुन्हा होणारा संसर्ग असेल, तर सुंता हाच योग्य उपचार ठरतो. धर्मासाठी ती करायची असेल, तर प्रशिक्षित शल्यचिकित्सक, पुरेशी भूल आणि निर्जंतुक साधने एवढी मागणी प्रत्येक पालकाला करता येते. मागे सरकलेली त्वचा अडकून सूज आली तर मात्र वाट पाहू नये. ती तातडीची अवस्था आहे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.